हॅगेनच्या घरचा संघ

आर्लिस टीग्लंड तरुणपणी बास्केटबॉल खेळायची हे कळलं, की नॉर्डहाइम कॉलेजच्या मुली तिला हमखास विचारत, "किती पॉइंट काढायचात तुम्ही?" आर्लिस सांगे, "एकसुद्धा नाही," आणि त्यांचे चेहरे बघत बसे. तिच्या शाळेच्या दिवसांत आयोवातल्या मुलींचा खेळच निराळा होता. सहा-सहा जणींचे संघ. तिघींनी अर्ध्या मैदानात फक्त बास्केट करायचे, तिघींनी उरलेल्या अर्ध्यात फक्त अडवायचं, आणि मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. आर्लिस अडवणाऱ्यांतली होती. चेंडू हिसकावायचा, रेघेपाशी आणायचा, पलीकडच्या मुलीला द्यायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत उभं राहायचं. चार वर्षं ती अशी खेळली. गावातली म्हातारी मंडळी अजून म्हणत, की तिच्या हाताखालून चेंडू नेणं म्हणजे दार बंद असलेल्या घरातून बाहेर पडण्यासारखं होतं.

पुढे तिने गावच्या पोस्टात काउंटरवर नोकरी केली. व्हर्लिनशी लग्न केलं. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता. रेल्वेचे डबे मक्याने भरता भरता त्याचे कान निम्मे गेले. एक मुलगा झाला, तो टेक्सासला जाऊन राहिला, त्याला खेळात रस नाही. आणि कॉलेजच्या मुलींचा एकही घरचा सामना आर्लिसने सोडला नाही. तिसरी रांग, मधोमध. शेजारी व्हर्लिन, मांडीवर पॉपकॉर्नची पिशवी.

ती काही नुसती बघायला जात नसे. कॉलेजच्या पाठीराख्यांचं एक मंडळ होतं. ते मंडळ बाहेरगावहून आलेली एकेक खेळाडू एकेका घराला जोडून द्यायचं. त्या पोरीला रविवारी जेवायला बोलवायचं, वाढदिवसाला केक करायचा, थंडीत गाडी सुरू झाली नाही तर जाऊन ढकलायची. शनिवारच्या सामन्यानंतर दोन्ही संघांना जेवण असे आणि त्यातलं चिली आणि दालचिनीचे रोल आर्लिसकडे असत. एकाच ताटात बीन्स-मांसाचं तिखट चिली आणि साखरेचा थर दिलेला रोल हे बाहेरच्या राज्यांतल्या मुलींना आधी विचित्र वाटे. दुसऱ्या वेळी त्या रांगेत पुढे उभ्या राहत.

कोच लाइल हॅगेनचे चांगले दिवस आर्लिसने पाहिले होते. त्या वर्षांत जिममध्ये बसायला जागा मिळत नसे, शेतकरी जनावरांचं काम आटोपून तसेच बूट घालून येत. लाइल मोठ्या आवाजाचा, मनाने मऊ माणूस होता. व्हर्लिनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो सगळा संघ घेऊन हॉस्पिटलात आला होता. डझनभर उंच पोरी त्या लहानशा खोलीत भिंतीला चिकटून उभ्या, आणि लाइल व्हर्लिनचा हात धरून म्हणाला होता, "तू बरा हो रे. पंचांना शिव्या कोण देणार नाहीतर?" आर्लिस हे विसरली नव्हती. म्हणूनच पुढे जे झालं ते तिला जास्त जड गेलं.

उतरण हळूहळू लागली. लाइलची जुनी सहायक रोवीना दुसऱ्या कॉलेजात मुख्य कोच होऊन गेली. खरं तर संघ तीच बांधायची. कुठल्या गावात कोणती मुलगी काय खेळते हे तिला माहीत असे. तिच्या जागी लाइलने आपल्या मुलाला, ट्रेंटला आणलं. ट्रेंटने तोवर विमा विकला होता आणि एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवला होता. नव्या मुली शोधून आणायचं काम ट्रेंटच्या बायकोकडे गेलं. आणि मग लाइलची धाकटी, मॅकेना, कॉलेजात आली आणि पहिल्याच वर्षी संघाचा चेंडू, म्हणजे खेळ चालवायचं काम, तिच्या हातात गेलं. कॉलेजचा क्रीडाप्रमुख होता केंट, म्हणजे लाइलच्या बहिणीचा नवरा. तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं.

मॅकेना वाईट खेळायची असं नाही. गावच्या शाळेत ती चांगलीच होती. पण इथे समोरच्या मुली पायाने जलद होत्या, आणि दाब आला की ती चेंडू छातीशी धरून वडिलांकडे बघायची. तेवढ्यात चेंडू गेलेला असे. संघ हरायला लागला. पहिल्या वर्षी लोक हळहळले, दुसऱ्या वर्षी चिडले, तिसऱ्या वर्षी यायचे बंद झाले.

चौथ्या, मॅकेनाच्या शेवटच्या वर्षी, टीग्लंडांच्या घराला केझाया जोडून मिळाली. केझाया प्रुइट, वॉटरलूची. बारीक, लांब हातांची काळी मुलगी, बोलायला कमी. पहिल्या रविवारी तिने बटाटे दोनदा घेतले आणि व्हर्लिनला विचारलं, "मिस्टर टीग्लंड, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही, की सोयीने येत नाही?"

व्हर्लिनने काटा खाली ठेवला. "कोणी सांगितलं हिला?" तो आर्लिसला म्हणाला. त्या दिवसापासून ती त्याची लाडकी झाली.

पण आर्लिसने तिला खेळताना पाहिलं तेव्हा तिला घरच्या जेवणाचं वगैरे काही आठवलं नाही. दुसऱ्या सामन्यात मॅकेनाचे दोन फाउल लवकर झाले म्हणून केझायाला आत पाठवलं. ती चेंडू घेऊन निघाली आणि सगळं एकदम सोपं दिसायला लागलं. ती समोरच्या मुलीकडे बघतच नव्हती. तिच्या मागे काय होणार आहे ते बघत होती. ज्या मुली आतापर्यंत एकमेकींवर आदळत होत्या त्यांना अचानक मोकळी जागा सापडायला लागली. मागे पडलेला संघ पुढे गेला. व्हर्लिन पॉपकॉर्न खायचा थांबला. मध्यंतरानंतर लाइलने मॅकेनाला परत आत घेतलं, केझाया बेंचच्या टोकाला जाऊन बसली, आणि संघ हरला.

मग हे असंच चाललं. केझायाला थोडा वेळ मिळे, ती खेळ सावरे, आणि सावरला की तिला बाहेर बोलावत.

सकाळी मेन स्ट्रीटवरच्या कॅफेत पाठीराख्यांचं टेबल जमे. शाळेतले निवृत्त शिक्षक ऑर्व्हिल, मंडळाची खजिनदार डिलाइट, व्हर्लिन आणि आर्लिस.

"लाइलचा कुत्रा यंदा काय करतो?" ऑर्व्हिलने विचारलं.

"का?"

"नाही, फिजिओची जागा रिकामी आहे असं ऐकलं."

"कुत्र्याला नको घालू यात," डिलाइट म्हणाली. "त्या घरात फेकलेला चेंडू परत आणता येणारा तोच एक आहे."

सगळे हसले. आर्लिस हसली नाही. "आपण इथे बोलतो," ती म्हणाली, "तिथे का बोलत नाही?"

ऑर्व्हिलच्या नातीला केंटने कॉलेजच्या ऑफिसात लावलं होतं. डिलाइट आणि लाइलची बायको एकाच चर्चमध्ये एकाच गायकवृंदात होत्या, शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. तरी बोलता बोलता ठरलं, की चौघांनी मिळून केंटला भेटायचं. शांतपणे, मान ठेवून. गुरुवार ठरला. बुधवारी डिलाइटचा फोन आला, तिची दाढ दुखत होती. ऑर्व्हिलने फोनही केला नाही. व्हर्लिन म्हणाला, "मी येतो, पण तो काय म्हणाला ते तुलाच मला परत सांगावं लागेल." आर्लिस एकटीच गेली.

जायच्या आधी मात्र तिच्या हातून एक गोष्ट होऊन गेली होती. आदल्या शनिवारी संघ शेवटपर्यंत बरोबरीत होता. मॅकेनाने लागोपाठ तीन वेळा चेंडू घालवला. जिम निम्म्याहून रिकामी. आर्लिस कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. "लाइल, काढ तिला बाहेर!" आवाज पोस्टात शेवटच्या माणसाला बोलवायचा तसा, खणखणीत. नेमकं त्या क्षणी दुसरं कोणी काही बोलत नव्हतं. लाइलने मागे वळून पाहिलं नाही. पण मॅकेनाने पाहिलं.

केंटचं ऑफिस नव्या इमारतीत होतं. तो दारापर्यंत आला, आर्लिसचा कोट त्याने स्वतः खुंटीला लावला. "व्हर्लिनची तब्येत कशी आहे? आणि तुमचे रोल... मी दर शनिवारी सकाळपासून पोट रिकामं ठेवतो, आर्लिस."

"केंट, मी मुलींबद्दल बोलायला आले," आर्लिस म्हणाली. "केझाया प्रुइट. तुम्ही तिला खेळताना पाहता ना?"

"पाहतो."

"मग?"

केंट खुर्चीत मागे टेकला. तो वाईट माणूस नव्हता, ही आणखी एक अडचण. "कोणाला किती खेळवायचं ते कोच ठरवतो. मी त्यात पडलो तर उद्या प्रत्येक मुलीचे आईवडील या खुर्चीत बसतील."

"एका मुलीचे वडील तिथे बेंचवरच बसलेत," आर्लिस म्हणाली.

केंट हसला, खरोखर हसला, आणि मग गंभीर झाला. "तुम्हाला खरं सांगू? ट्रेंटची जागा आम्ही जाहीर केली होती. या पगारात, या गावात, जानेवारीत बसने मिनेसोटाला जायला कोण येतं? दोन अर्ज आले. एकाने मुलाखतीला येताना रस्ता चुकून परत गाडी वळवली. हॅगेन कुटुंब निदान इथे आहे. जिमच्या दिव्यांपासून टॉवेलांपर्यंत सगळं तेच बघतात."

"ते कष्ट करत नाहीत असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

आर्लिसला नीट सांगता आलं नाही. घरी तिने किती वेळा मनात जुळवलं होतं. की हा संघ एका घरचा नाही. की ज्या मुली पहाटे उठून सराव करतात त्यांना दार उघडं आहे असं वाटलं पाहिजे. पण केंटच्या भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते, सगळ्यांत लाइल, काळ्या केसांचा, आणि एका फोटोत मागच्या रांगेत ती आणि व्हर्लिन. ती म्हणाली, "ती मुलगी फार चांगली आहे, केंट."

"आम्हालाही तसंच वाटतं," तो म्हणाला आणि तिचा कोट खुंटीवरून काढायला उठला. दारात त्याने विचारलं, की पुढच्या वर्षी पाठीला टेकायला असलेल्या खुर्च्या येणार आहेत, त्यातल्या दोन तुमच्यासाठी ठेवू का?

घरी व्हर्लिनने विचारलं, "काय म्हणाला?"

"खुर्ची देतो म्हणाला."

व्हर्लिनला ते बरोबर ऐकू आलं.

शनिवारी सामन्याआधी लाइल स्वतः तिसऱ्या रांगेपाशी आला. पायऱ्या चढताना त्याला धाप लागली होती. "केंटकडे गेली होतीस म्हणे."

"गेले होते."

"माझ्याकडे यायचं होतंस, आर्लिस. इतक्या वर्षांत मी कधी दार लावून घेतलं तुझ्यासमोर?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर सुचलं असतं.

"आता आले तर ऐकशील?"

लाइल मैदानाकडे बघत राहिला. मुली रांगेने बास्केटमध्ये चेंडू टाकत होत्या. "मॅकेनाला मी चालायला शिकवलं त्याच महिन्यात चेंडू दिला होता," तो म्हणाला. "तुला वाटतं मला दिसत नाही?" आणि तो खाली उतरून गेला.

त्या दिवशी केझायाला आत घेतलंच नाही. पुढच्या सामन्यातही नाही. लाइलने मुद्दाम केलं, की ट्रेंटने, की नुसतंच झालं, ते आर्लिसला कधी कळलं नाही. एवढंच कळलं, की तिने तोंड उघडायच्या आधी त्या मुलीला थोडं तरी मिळत होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी जेवणं झाल्यावर ती जिमच्या मागच्या स्वयंपाकघरात चिलीची भांडी घासत होती. मॅकेना आत आली. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. ती रिकामा ग्लास ठेवून जाईल असं आर्लिसला वाटलं, पण ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्ही बोलता ते ऐकू येतं मला," मॅकेना म्हणाली. "सगळ्यांचंच येतं. जिम रिकामी असते ना आता."

आर्लिसचे हात साबणात होते. "त्या दिवशी मी ओरडायला नको होतं."

"नाही, बरोबर होतं ते. मीच डॅडना म्हटलं होतं, केझायाला पहिल्यापासून खेळू दे. दोनदा म्हटलं. ते म्हणतात, तुझ्यावर विश्वास ठेवायला शिक. मी म्हटलं, विश्वास नाही हो, ती चांगली आहे." ती बोटाने ओट्यावरचं पाणी पुसत होती. "मग आई रडते. मग ट्रेंट म्हणतो, डॅडची शेवटची वर्षं आहेत, कशाला."

"सोडून का देत नाहीस?"

मॅकेनाने तिच्याकडे असं पाहिलं, की आर्लिसलाच आपला प्रश्न खुळचट वाटला. ती मुलगी रात्री जेवणाच्या टेबलावर कुठे बसणार होती?

"रोल उरलाय का एखादा?" मॅकेनाने विचारलं.

उरला होता. आर्लिसने हात पुसून तिला दिला. मॅकेनाने तो उभ्यानेच खाल्ला, थँक यू म्हणाली आणि लंगडत गेली. आर्लिस नळ सुरू ठेवून तशीच उभी राहिली. इतके दिवस तिला निदान राग धरायला एक जागा होती. आता तीही गेली.

हंगाम संपल्यावरच्या रविवारी केझाया जेवायला आली. जेवण होईपर्यंत तिने व्हर्लिनची चेष्टा केली, लोणी मागितलं, दुसऱ्यांदा बटाटे घेतले. मग म्हणाली, "मिस आर्लिस, मी पुढच्या वर्षी नाहीये."

आर्लिसला वाटलंच होतं. तिने मनात तयारी करून ठेवली होती. रोवीना आता जिथे होती त्या कॉलेजात फोन करायचा, रोवीना नाही म्हणणार नाही. "कुठे जाते आहेस? मी रोवीनाशी बोलते. ती तुला पहिल्या दिवसापासून—"

"नाही. खेळायचंच नाहीये. घरी जाते. वॉटरलूला नर्सिंग करीन, आजीपाशी राहता येईल."

"खेळ सोडतेस?"

"हो."

"पण तू..." आर्लिस म्हणाली. "तुला माहीत नाही तू काय आहेस ते. मी आयुष्यभर हा खेळ बघितलाय."

केझायाने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला, मोठ्या माणसाने लहानाच्या ठेवावा तसा. "मला वाईट नाही वाटत, खरंच. सुरुवातीला वाटलं. नंतर सरावाला जाताना पोटात दुखायचं, ते आता थांबलंय. मला बरं वाटतंय." आणि थोडं थांबून, "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागलं हे."

व्हर्लिन ताटाकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

ती गेल्यावर आर्लिसने भांडी आवरली, ओटा पुसला, परत पुसला. "तिने तरी रडायचं होतं ना थोडं," ती म्हणाली. व्हर्लिन म्हणाला, "का? तुझ्यासाठी?" तो टोचून बोलला नव्हता, नुसतं विचारत होता. आर्लिस बाहेर जाऊन पायरीवर बसली. रस्त्यापलीकडच्या शेतात अजून मागच्या वर्षीच्या मक्याची धसकटं उभी होती.

एप्रिलमध्ये लाइलने निवृत्ती जाहीर केली. कॉलेजने जेवण ठेवलं. गाव लोटलं, इतके लोक गेल्या तीन वर्षांत मिळून जिममध्ये आले नसतील. जुन्या खेळाडू लेकरं घेऊन आल्या. रोवीना आली, तिने चांगलं भाषण केलं. लाइल बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा मोठा आवाज फुटला, आणि आर्लिसलाही रडू आलं, ते खोटं नव्हतं. मग केंट माइकपाशी आला. नव्या कोचसाठी देशभर शोध घेतला, तो म्हणाला, आणि शेवटी उत्तर आपल्या घरातच सापडलं. ट्रेंट उठला. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. डिलाइट उभी राहिली, ऑर्व्हिल उभा राहिला, व्हर्लिनसुद्धा गुडघ्यावर हात देत उठला, कारण समोरचं काही दिसेना. आर्लिस सगळ्यांत शेवटी उठली. टाळ्या तिनेही वाजवल्या. मॅकेना व्यासपीठाच्या कडेला होती. उन्हाळ्यात पदवी घेऊन ती भावाची सहायक होणार होती. तीही टाळ्या वाजवत होती, तोंड हसरं ठेवून.

त्या उन्हाळ्यात आर्लिस व्हर्लिनला अनेकदा म्हणाली, की यंदा जायचं नाही. हिवाळ्यात टेक्सासला जाऊ, मुलगा बोलावतोय. व्हर्लिन म्हणे, "जाऊ." ऑक्टोबरात मंडळाचा फोन आला. यंदा नवीन मुली आहेत, घरं कमी पडतायत; पूर्वीची बरीच कुटुंबं आता नाही म्हणतात. एक मुलगी आहे, नेब्रास्काच्या एका शेतावरची, कोणाला ओळखत नाही. आर्लिसने विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

मुलीचं नाव टेसा व्होबोरिल. रविवारी ती वेळेआधी आली आणि दारात तिने बूट काढून नीट जोडून ठेवले. तळहात राठ, शेतावर काम केलेले. ती भरभरून बोलायची. शाळेच्या संघात तीच चेंडू पुढे न्यायची, संघ राज्य स्पर्धेपर्यंत गेला, वडील दर सामन्याला ट्रकने यायचे, आता इतक्या लांब त्यांना जमणार नाही. व्हर्लिनने तिला विचारलं, की गाई किती. तिने प्रत्येकीचं नाव सांगितलं.

मग आर्लिस मांसाचा तुकडा कापून वाढत असताना टेसाने विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं बघताय, मिसेस टीग्लंड. कोच ट्रेंट कसे आहेत? म्हणजे, नवीन मुलीला संधी देतात ना? चांगलं खेळलं तर?"

व्हर्लिनने आर्लिसकडे पाहिलं. आर्लिसने तुकडा तिच्या ताटात ठेवला, त्यावर रस घातला, बटाट्यांचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

"तू जेव आधी," ती म्हणाली. "गार होतंय."